मिरवायला वाईन आणि प्यायला स्ट्राँग: नाशकात धड क्राफ्ट बिअर का चालत नाही?

नाशिककर_४२२

विषय वादाचा आहे, होऊ द्या वाद.

बाहेरचे पाहुणे आले की आपण त्यांना सरळ गंगापूर धरणाकडे सुला वायनरीत नेतो, ते ग्लास गोल गोल फिरवतात, नाक घालतात, फोटो काढतात, आणि रात्री तेच पाहुणे आणि आपण बिअर शॉपीतून थंडगार स्ट्राँग आणून गच्चीवर बसतो. वाईन कॅपिटल म्हणून बोर्ड लावलाय पण गावाच्या घशाला बिअरच लागते हे कबूल करायला काय हरकत आहे? एप्रिलात पारा चाळीसला टेकला की रेड वाईन कोण पितंय राव. आणि आपलं खाणं बघा, काळ्या मसाल्याची मिसळ, झणझणीत रस्सा, भरपूर कांदा. त्याच्याशी वाईन जुळवायला ओढाताण करावी लागते, गव्हाची बिअर आपोआप जुळते.

तर माझं म्हणणं असं की छोट्या ब्रुअरीची ताजी बिअर, म्हणजे क्राफ्ट, नाशकात जोरात चालायला पाहिजे, आणि चालत नाही त्याला मालकांइतकेच आपण गिऱ्हाईक जबाबदार आहोत. कारण आपण काही विचारतच नाही. मध्यंतरी एका ठिकाणी (नाव घेत नाही) 'हाउस स्पेशल क्राफ्ट' म्हणून जो ग्लास आला त्याला थिएटरातल्या पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास. वेटरला विचारलं कुठे बनते, तर म्हणे सर इम्पोर्टेड आहे. केग (बिअरचं पिंप) कधी उघडला, तर म्हणे फ्रेशच आहे सर. आणि बाजूच्या टेबलावर चार जण तीच पिऊन वा वा काय स्मूद आहे! लोण्याचा वास म्हणजे बहुतेक वेळा बिअर घाईत काढलेली असते नाहीतर टॅपच्या नळ्या धुतलेल्या नसतात. नळ्या साधारण दर पंधरा दिवसांनी धुवायच्या असतात, इथे किती जण धुवत असतील देव जाणे.

माझा सोपा नियम आहे, कुठे बनली आणि केग कधी उघडला याचं सरळ उत्तर आलं नाही तर टॅपच्या नादाला लागायचं नाही. तारीख छापलेली बाटली नाहीतर कॅन मागवायचा.

सातपूरचा_फिटर

भाऊ तुमचं सगळं बरोबर पण एका ग्लासाला तीनशे-चारशे रुपये आणि तो पण अर्धा लिटरच्या आतबाहेर, वर फेस वेगळा. तेवढ्यात शॉपीवर दोन मोठ्या बाटल्या नाहीतर दीड तरी येते. सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस केग कधी उघडला विचारत बसणार का? स्ट्राँग पितो कारण आठ टक्क्यांपर्यंत असते आणि पैसा वसूल होतो. देशभर बहुतेक लोक स्ट्राँगच पितात ते काय येडे आहेत का.

नाशिककर_४२२

येडे कुणी म्हटलं? पण चढण्यासाठीच प्यायची असेल तर ती चर्चाच वेगळी. बाकी महाग आहे हे मान्य, त्यात २०२३ ला परमिट रूममधला व्हॅट पाचाचा दहा टक्के केला, तोही आपल्याच बिलात.

सातपूरचा_फिटर

चर्चा वेगळी नाही, हीच चर्चा आहे. तुम्ही गिऱ्हाईकाला आळशी म्हणालात, मी म्हणतो गिऱ्हाईक हिशोबी आहे.

पुणेरी_ठसका

गंमत वाटते वाचून. आमच्याकडे २००९ मध्ये डूलालीने राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी काढली, नंतर इंडिपेंडन्स आली, एफिंगट आली, आता तर मुंढव्यापासून बाणेरपर्यंत कुठेही जा. २०२० ला कोरोनात ग्राउलरमध्ये, म्हणजे मोठ्या बाटलीत, भरून पार्सल द्यायची परवानगी मिळाली तेव्हा लोक कळशी घेऊन नळावर जावं तसे जात होते. तुम्ही अजून इम्पोर्टेड की लोकल यातच.

सोमेश्वर_धबधबा

आला! कुठलाही विषय काढा, पुणं येणारच. 😂

दिंडोरीचा_बागाईतदार

मूळ लेखाला माझा स्पष्ट विरोध आहे आणि जरा लांब लिहितो. वाईनला नावं ठेवणं सोपं आहे पण २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, त्याच्या थोडं आधी १९९९ ला सुला उभी राहिलेली, त्यातून या पट्ट्यात काय झालं ते बघा, माझ्या ओळखीचे किती शेतकरी कंपनीशी करार करून शेनिन, सोव्हिन्यॉ ही वाईनची द्राक्षं लावून बसलेत, माल तोडायच्या आधी भाव माहीत असतो, खाण्याच्या द्राक्षात असं होत नाही, तिथे फेब्रुवारीत गारा पडल्या की वर्ष गेलं. म्हणजे वाईनच्या प्रत्येक बाटलीत इथल्या मातीतलं काहीतरी आहे. आता तुमची क्राफ्ट बिअर घ्या. जव राजस्थान-हरियाणाकडचा, हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, जर्मनी-अमेरिकेचे (आपल्याकडे लाहौलमध्ये थोडेफार होतात तेवढेच), यीस्ट परदेशी पाकिटातलं, टाक्या बाहेरच्या. मग नाशिकचं काय उरलं, फक्त पाणी? आणि बिल नाशिककरांचं. अशा बिअरसाठी माझ्या गावच्या वाईनला कशाला कमीपणा आणायचा?

गंगेवरचा_बाळू

पाण्याचं निघालंच आहे तर, आमच्या एका मित्राचं स्वप्न आहे 'गोदावरीच्या पाण्याची बिअर' काढायची. म्हणतो गंगेच्या पाण्याला चवच वेगळी.

यीस्टवाली

बाळूदादा, मित्राला सांगा नदीच्या चवीचं विसर. बहुतेक ब्रुअरी आरओ लावून पाणी आधी कोरं करतात आणि मग ज्या प्रकारची बिअर करायची त्याप्रमाणे क्षार घालतात. पूर्वी गावच्या पाण्यावर बिअरचा प्रकार ठरायचा हे खरं, पिल्सेनचं पाणी मऊ म्हणून तिथली फिकी लागर, इंग्लंडात बर्टनचं जिप्समवालं पाणी म्हणून तिथली कडवट एल. आता ते कुठेही बनवता येतं.

बागाईतदार काकांचा मुद्दा मात्र सोडवत नाही. जव इथला नाही, बरोबर. पण पेठ-सुरगाण्याची नागली आहे ना! आपल्या घरात बाळाला नाचणीसत्त्व करताना काय करतो? भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, दळतो. माल्ट करणं म्हणजे हेच, फक्त ब्रुअरीत ते भरड दळतात. मोड आले की दाण्यातली एन्झाइम्स जागी होतात आणि पिठूळ भागाची साखर करतात, ती साखर यीस्ट खातं. सिक्कीमकडे तर नाचणीचीच तोंगबा करतात, काही नवीन नाही. अडचण एवढीच की जवाला टरफल असतं, त्यातून रस आपोआप गाळला जातो, नागलीत लगदा होऊन बसतो, शिवाय तिचा स्टार्च फुलायला उष्णता जास्त लागते. म्हणून पूर्ण नागलीची न करता जवात थोडी मिसळायची. इगतपुरीचा तांदूळही तसाच चालतो, आधी शिजवून घ्यायचा, बिअर हलकी कोरडी होते. आणि इटलीत तर द्राक्षाचा रस घालून एल करतात, इटालियन ग्रेप एल म्हणतात. म्हणजे काका, तुमची शेनिन आणि यांची बिअर एकाच टाकीत जाऊ शकते. भांडण कशाला?

(घरी करून बघू नका हं, आपल्या राज्यात लायसन नसताना घरी बिअर गाळणं गुन्हा आहे. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मेसेज येतात.)

दिंडोरीचा_बागाईतदार

ताई माहिती छान दिली. पण 'जाऊ शकते' आणि 'जाते' यात फरक आहे. कोण घेतं नागली? ज्या दिवशी एखादा ब्रुअरीवाला सुरगाण्यात जाऊन आधी भाव ठरवून नागली उचलेल त्या दिवशी पहिला ग्लास मी घेईन आणि फिटर भाऊंना पण पाजीन. तोपर्यंत माझा विरोध नोंदवून ठेवा.

शुद्ध_पाणी

सगळे चवीत रमलेत, मूळ प्रश्न कुणी विचारत नाही. एक लिटर बिअरला मोठ्या कारखान्यात तीन-चार लिटर पाणी जातं, छोट्या ठिकाणी त्याहून बरंच जास्त, कारण धुवायलाच जास्त लागतं. आपल्या धरणातून दुष्काळी वर्षात जायकवाडीला पाणी सोडतात तेव्हा इथे आंदोलनं होतात. ते पाणी पुढे वाळूजच्या एमआयडीसीत जातं आणि तिथे बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांचं पाणी कापावं लागलं होतं. आणि तुम्ही अजून ब्रुअरी हव्यात म्हणता?

नाशिककर_४२२

मग उलट बघा ना. आपलंच पाणी खाली जातं, तिथे बाटलीत भरतात आणि ट्रकने परत आपल्या शॉपीत येतं. आपण पैसे देऊन गोदावरी परत घेतो. 😄 छोटी ब्रुअरी आठवड्याला हजार लिटर बिअर काढत असेल तर सात हजार लिटर पाणी धरा, म्हणजे एक टँकरसुद्धा नाही. एवढं पाणी एखाद्या सोसायटीच्या गाड्या धुण्यात जातं.

शुद्ध_पाणी

टँकर ज्यांच्या गावात उन्हाळ्यात येतो त्यांना हे 'एक टँकरसुद्धा नाही' वाचून दाखवा. बाकी सोसायटीच्या गाड्यांबद्दलही माझं हेच मत आहे.

मी_अमृता

मला दुसराच मुद्दा मांडायचाय. इथे जो उठतो तो क्राफ्ट बिअरच्या जागांच्या इंटिरिअरला, दिव्यांना, किमतीला हसतो. पण माझ्यासारखीने बिअर प्यायची तर कुठे? परमिट रूममध्ये? तिथे गेलं तर आख्खं हॉटेल वळून बघतं, फॅमिली सेक्शन म्हणजे वर माळ्यावर एसीचं पाणी गळतं तो कोपरा. शॉपीवर उभी राहिले तर पाठीमागचा माणूस "मॅडमला आधी द्या" म्हणतो आणि सगळे हसतात. मी आणि माझ्या मैत्रिणी चारशे रुपये देतो त्यातले निम्मे निवांत बसता येतं त्याचे असतात. लोण्याचा वास आला तरी एखाद वेळेस पिऊन घेऊ.

नाशिककर_४२२

अमृता, हा मुद्दा पटला. पण लोण्याचा वास सहन करू नका, ग्लास परत पाठवा. चारशे देणाऱ्याने नाही बोलायचं तर कोणी बोलायचं. आणि आधी घोटभर चव मागायची, चांगल्या जागी टेस्टर देतात, फुकट.

मी_अमृता

मागते की. आणि मागितलं की माझ्याबरोबरच्या मित्राला आणून देतात! 🙄

यीस्टवाली

😂😂 अगदी. अजून दोन गोष्टी बघत जा. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास नीट धुतलेला नाही. आणि बर्फासारखी गार देत असतील तर पाच मिनिटं ठेवून द्या, फार गार असली की जीभच बधिर होते, वास येत नाही, खराब मालही खपून जातो. गव्हाच्या बिअरला थोडा केळ्याचा, लवंगेचा वास येणं बरोबर आहे, तो यीस्टचा असतो, वरून काही घातलेलं नसतं. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये मात्र संत्र्याची साल आणि धने खरंच घालतात, आणि ती मिसळीबरोबर कमाल लागते.

त्र्यंबकरोडकर

कुंभनगरी आहे ही. रामकुंड ज्या गावात आहे तिथे नागलीची दारू कशी गाळायची यावर चर्चा चाललीये. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, थोडं भान ठेवा. २०२२ ला सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा लोकांनी विरोध केला म्हणून तो बारगळला, ते विसरलात का?

सोमेश्वर_धबधबा

काका, रामकुंडावर कुणी टॅप लावा म्हटलेलं नाही. आणि तो विरोध किराणाच्या दुकानात ठेवण्याला होता.

त्र्यंबकरोडकर

सुरुवात अशीच होते.

जुने_नाशिक

धाग्यात सगळे बिअर-वाईन करतायत पण एक नाव कुणीच घेतलं नाही. सेराना, मधापासूनची मीड, आपल्या नाशकातच बनते, दोघी बायकांनी सुरू केली आहे. जांभळाची घेऊन बघा. कोरडी तुरट, उन्हाळ्यात छान लागते. क्राफ्ट म्हणजे बिअरच असं थोडीच आहे. उगाच मुंबई-पुण्याचे कॅन शोधत फिरायचं आणि घरच्यांना विचारायचं नाही.

सातपूरचा_फिटर

आता मध पण प्यायचा. आमच्या आजीने खोकल्याला दिला होता शेवटचा.

पुणेरी_ठसका

मीड आमच्याकडे पण आहे, मूनशाइन, पिरंगुटला. (गप्प बसतो.)

नाशिककर_४२२

मीडची आठवण चांगली करून दिली. मग ठरवू या का, ज्यांना यायचंय त्यांनी येत्या शनिवारी भेटायचं, टॅपवाली एक जागा बघू, दोन-तीन कॅन आणि मीड बाजूला ठेवून तुलना करू. बागाईतदार काका, तुमची शेनिन पण आणा.

दिंडोरीचा_बागाईतदार

हॉटेलात बाहेरची बाटली चालणार नाही, तुम्हीच दिंडोरीला या. पण गाडी चालवणारा एक जण कोरडा ठेवा, रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की केस होते आणि शनिवारी रात्री म्हसरूळला नाकाबंदी असते. तुमच्या त्या गव्हाच्या बिअरला पण मशीन वाजतं.

सातपूरचा_फिटर

मी कोरडा राहतो, चालेल. मिसळ आणि डिझेल तुमच्याकडून. शनिवारी फर्स्ट शिफ्ट आहे, चारनंतर कधीही.