ऑगस्टमध्ये मुंबईत दोन दिवस, इथलंच असं काय खायचं?

अकोलेकरीण:
ऑगस्टमध्ये आईला घेऊन अकोल्याहून येतेय. मुक्काम दादरला. वडापाव, भेळ आमच्याकडेही मिळते. खास मुंबईचं म्हणावं असं काय खाऊ? मी मासे खाते, आई खात नाही. त्यात तिचा श्रावण.

वेसावकरीण:
ताई, एकच गोष्ट खायची झाली तर ताजा बोंबील खा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. ती उठली की ताजी मासळी पुन्हा येते.

बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. माझी आई डोकं-शेपटी काढून तो पोटातून उघडते, मधला काटा सोडवते, मीठ लावून दोन पाटांमध्ये ठेवते आणि वर वरवंटा. तासाभरात खाली पाणी साचतं. मग हळद, आलं-लसूण, आमचा कोळी मसाला आणि तांदळाच्या पिठाचा नुसता हात. तव्यावर कडा कुरकुरीत होतात, आत मात्र सायीसारखा.

मागे पाहुण्यांना एका मोठ्या हॉटेलात नेलं, तर रव्याच्या जाड थरात बोंबील शोधावा लागला. 'हाच का तो?' असं त्यांनी विचारलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. म्हणून आधी विचारा, दाबलेला आहे का आणि रवा की तांदळाचं पीठ. शक्यतो कोळणी स्वतः रांधतात अशा खानावळीत जा. सोबत बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी.

सुके बोंबील आत्ता नेऊ नका. बांबूच्या वलांड्यांवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या बांबूंवर, जबड्यात जबडा अडकवून जोडीनं वाळत घालतात, त्याला कडक ऊन लागतं. पावसात वलांड्या रिकाम्याच असतात. दिवाळीनंतर न्या.

शिवाजीपार्ककर:
आईंना दादरच्या 'प्रकाश' उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष द्या. पियूष म्हणजे श्रीखंड-ताकाचं घट्ट पेय, वर जायफळ. दादर स्टेशनजवळ मामा काणे यांचं उपाहारगृह आहे, १९१० पासूनचं, तिथला बटाटेवडा. वालाचं बिरडं हॉटेलात क्वचितच मिळतं. भिजवून, मोड आणून एकेक वाल सोलायचा, एवढं कोण करणार? ओळखीच्या सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरातून जेवायचं बोलावणं आलं तर नाही म्हणू नका.

अकोलेकरीण:
आई साबुदाणा वड्यावर खूश! वेसावकरीण, तुमच्या वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याला, दादरहून कसं यायचं? मी बोंबील खाताना तिला नुसतं बसवून ठेवायचं जिवावर येतं.

वेसावकरीण:
लोकलनं अंधेरी, मेट्रोनं वर्सोवा, पुढे रिक्षा. 'वर्सोवा गाव, कोळीवाडा' सांगा. आणि नारळी पौर्णिमा तुमच्या त्या दोन दिवसांत येत असेल तर आईंना नक्की आणा. त्या दिवशी आम्ही दर्याला नारळ देतो, घरात ओल्या नारळाच्या करंज्या होतात. त्या कढईला मासळीचा हात लागत नाही.