लातूरची पाण्याची रेल्वे खरंच गरजेची होती का?

हिशोबी_माणूस

परवा जेवताना मेहुण्याशी वाजलं, म्हणून इथे टाकतोय. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं होतं, 'जलदूत' नावाने. मेहुण्याच्या मते सरकारने इतकं शहाणपणाचं काम क्वचितच केलं असेल. माझ्या मते ती मिरवणूक होती.

पहिली गाडी 12 एप्रिलला पोचली. 10 वॅगन, 5 लाख लिटर. लातूर शहर 2011 च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या पुढे, म्हणजे माणशी सव्वा लिटर. पुढे 50 वॅगनची गाडी झाली, 25 लाख लिटर. माणशी साडेसहा लिटर. धड एक बादली नाही.

आता दुसरी बाजू. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाकाठी हेक्टरी ढोबळमानाने 2 कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे साडेतीनशे किलोमीटर ओढत आणलेली अख्खी गाडी बारा-तेरा गुंठे ऊस पिऊन टाकतो. शंभर फेऱ्या धरा, तरी तीस-बत्तीस एकर. मांजराच्या खोऱ्यात एवढा ऊस एकेका गावच्या शिवारात सापडेल. मग पाणी हलवायची गरज होती, की पीक?

गंजगोलाई

साडेसहा लिटर म्हणजे बादली नाही, हे नळाला रोज पाणी येणाऱ्या घरात बसून लिहायला सोपं आहे. मी तेव्हा लातुरातच होतो. आमच्या गल्लीत टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा आणि घरटी एक निळा ड्रम भरून मिळायचा, 200 लिटरचा. पाच माणसं. तुम्हीच भागाकार करा. आई तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, ते पाणी गाळून संडासात. टँकर रात्री दीडला आला तर रात्री दीडला उठायचं. नंबर लावलेल्या घागरी दोरीने एकमेकींना बांधून ठेवायचे लोक, कुणी मधेच सरकवू नये म्हणून. पाणी भरायच्या जागांवर मार्चमध्ये 144 कलम लावलं होतं, तेही तुमच्या हिशोबात धरा.

उसाचं म्हणाल तर मान्य. पण एप्रिलमध्ये धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडल्यावर गेल्या वर्षीच्या उसातलं पाणी पिळून काढणार होता काय?

रुळावरचा

रेल्वेत आयुष्य गेलंय, म्हणून थोडं लांबतो.

पाणी हलवणं म्हणजे इंजिन जोडलं आणि निघालं असं नसतं. टँक वॅगन आधी राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुवून घ्यावे लागले. मग ते मिरजेला आणले. खरा घोळ भरण्यात. गाडी उभी, पण नळच बारीक. एकेक वॅगन 50 हजार लिटरचा. सुरुवातीला दहाच वॅगनची गाडी सोडली. 50 वॅगन भरायचे तर यार्डापर्यंत वेगळी जाडजूड पाइपलाइन टाकावी लागली, ती झाल्यावरच मोठी गाडी सुटली. उतरवतानाही तेच. लातूरला स्टेशनजवळच्या विहिरीत पाणी सोडायचं, तिथून शुद्धीकरणाला, तिथून टँकरने गल्लीत. साडेतीनशे किलोमीटर सोपे होते, शेवटचे चार किलोमीटर अवघड.

आणि एक गोष्ट कुणाच्या ध्यानात नाही. हा मार्ग म्हणजे जुनी बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटांची नॅरो गेज. पंढरपूर-मिरज टप्पा ब्रॉडगेज होऊन तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. हाच दुष्काळ दहा वर्षं आधी पडता तर ही गाडी धावलीच नसती. चेन्नईला 2019 मध्ये जोलारपेट्टईहून अशीच 50 वॅगनची गाडी गेली. तीही मिरवणूकच का?

कृष्णाकाठ

मी सांगलीचा. तेव्हा स्टेशनवर हारतुरे, गाडीला पोस्टर कुणाचं यावरून चढाओढ. आमच्याच जिल्ह्यात जतच्या पूर्व भागात टँकरची वाट बघणारी गावं होती, त्यांच्यासाठी हार घेऊन कुणी आलं नाही. तीच गाडी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून, तितक्याच तहानलेल्या शिवारातून जायची. शहर असलं, रूळ असले, कॅमेरे असले की पाणी पोचतं. वाडीला रूळ नसतात.

लातूरला पाणी दिल्याचं दुःख नाही हो. पण कुणाला आधी, हे कोण ठरवतं?

झणझणीत_कट

त्याच आठवड्यात मुंबई हायकोर्टाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. म्हणजे पाणी आत, क्रिकेट बाहेर. हलवाहलवीचंच वर्ष होतं ते.

हिशोबी_माणूस

@रुळावरचा, वॅगन धुण्याचं आणि नॅरो गेजचं माहीत नव्हतं. पण तुमच्याच म्हणण्याने अडचण शेवटच्या चार किलोमीटरची, मग पहिल्या साडेतीनशेचा गाजावाजा कशाला? टँकरची घरटी पाळी नीट लावणं, गळक्या लाइन बांधणं, याचा कुणी फोटो काढत नाही.

@गंजगोलाई, पिळून काढायचा प्रश्न एप्रिलचा नाही, आदल्या वर्षीच्या सप्टेंबरचा. पावसाळा कोरडा गेला आणि धरणात काय उरलंय हे तेव्हाच दिसत होतं. तेव्हाच उरलेलं पाणी पिण्यासाठी राखलं असतं तर?

गंजगोलाई

सप्टेंबरमध्ये राखायला हवं होतं, हे कबूल. ते आमच्या हातात नव्हतं. उपसा करणाऱ्या मोटारी कुणाच्या, हे लातुरात शेंबडं पोरही सांगेल. पण एकाने सप्टेंबरात चूक केली म्हणून दुसऱ्याने एप्रिलात तहानलेलं राहायचं, हा कुठला न्याय? आग विडीने लागली की वायरीने, हे बंब आल्यावर बघतात.

आणि 'फक्त' साडेसहा लिटर म्हणताय ते पाणी नुसतं प्यायला नव्हतं. पहिल्या गाडीनंतर खाजगी टँकरवाल्यांची मिजास जरा उतरली. आधी फोन उचलायचे नाहीत, नंतर 'कधी पाठवू' विचारायला लागले. हे कुठल्या तक्त्यात बसवणार?

कृष्णाकाठ

टँकरवाल्यांचं पटलं. पण बंबाची उपमा नको. बंब दर उन्हाळ्यात त्याच घरी जात असेल तर वायरिंग बदलायला लागतं. उजनीहून लातूरला पाइपलाइन, हे मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय.

रुळावरचा

पाइपलाइन हवीच. पण उजनी धरणही उणे पातळीत, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली जातं, हे सोलापूरकरांना विचारा. एका कोरड्या भांड्यातून दुसऱ्या कोरड्या भांड्यात ओतायला पाइप काय अन् रेल्वे काय.

हिशोबी_माणूस

म्हणजे फिरून माझ्या उसापाशीच आलात की!

गंजगोलाई

या, लातूरला या एकदा, तुमचा हिशोब पोटभर ऐकतो. त्याच वर्षी परतीच्या पावसात मांजरा भरलं. पुढच्या हंगामात धरणाखाली काय लावलं असेल, ओळखा. मी शहरात राहतो, मला ऊस नाही, तरी लाज वाटली. आमचा निळा ड्रम मात्र गच्चीवर तसाच आहे. आई विकू देत नाही.