पश्चिम अमेरिका सरकारनेच वसवली, आणि ते योग्यच केलं

माळरान

परवा इथेच एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं की अमेरिकेचा पश्चिम भाग धाडसी माणसांनी स्वतःच्या हिमतीवर वसवला, सरकारने फार तर आडकाठी केली नाही. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

१८६२ हे एकच साल बघा. यादवी युद्ध पेटलेलं होतं. तरी २० मे रोजी लिंकननी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जुलैला पॅसिफिक रेल्वे कायद्यावर. जमिनीचा असाच कायदा १८६० साली अध्यक्ष बुकॅनन यांनी नकाराधिकार वापरून अडवला होता. दक्षिणेच्या गुलामगिरीवाल्या राज्यांना छोट्या शेतकऱ्यांचा पश्चिम नको होता. ती राज्यं देशातून फुटली, त्यांचे खासदार उठून गेले तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

होमस्टेडचा हिशोब सोपा होता. १६० एकर घ्या, पाच वर्षं तिथे राहा, घर बांधा, जमीन कसा. सगळी फी मिळून १८ डॉलर. एकट्या बाईलाही जमीन मिळे, आणि नागरिक होणार असं लिहून दिलेल्या परदेशी माणसालाही. शेवटी सुमारे १६ लाख लोकांच्या नावावर २७ कोटी एकर जमीन झाली. भूमिहीन माणसाला सरकारने एवढं कुठे दिलंय, सांगा.

रेल्वेला दर मैलामागे दहा चौरस मैल जमीन दिली, १८६४ मध्ये ती वीस केली. पण सलग नाही, बुद्धिबळाच्या पटासारखी. एक घर कंपनीचं, एक सरकारचं. रूळ आले की सरकारी घराचा भाव एकरी सव्वा डॉलरवरून अडीच डॉलर. ओसाड जमिनीला रेल्वेने किंमत आणली आणि निम्मा वाटा तिजोरीकडे राहिला. १० मे १८६९ ला युटातल्या प्रॉमॉन्टरीला दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. सरकार पाठीशी नसतं तर नेब्रास्का ते कॅलिफोर्निया अशा निर्मनुष्य मुलखात कोणत्या सावकाराने पैसा घातला असता?

रूळजोड

मी आयुष्यभर रेल्वेमार्गाच्या बांधकामात काम केलंय, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. पैसा घातला हे खरं, पण तो मोजला कसा ते बघा. सपाट जमिनीवर मैलाला १६ हजार डॉलरचे सरकारी कर्जरोखे, दोन पर्वतरांगांमधल्या उंच पठारावर ३२ हजार, डोंगरात ४८ हजार. पैसे मैलावर दिले की ठेकेदार मैल वाढवणार, हे आमच्या साइटवरचा मुकादमसुद्धा सांगेल.

पश्चिमेकडून रूळ टाकत येणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीने कॅलिफोर्नियाचे सरकारी भूवैज्ञानिक व्हिटनी यांच्याकडून दाखला घेतला की सिएरा पर्वत सॅक्रामेंटोपासून सात मैलांवर सुरू होतो. तिथे प्रत्यक्षात चढ नावालाही नाही. लिंकननी तो दाखला मान्य केला आणि सपाट मैलांना डोंगराचा भाव मिळाला.

प्रॉमॉन्टरीला मी गेलोय. तिथे सेंट्रल पॅसिफिकने दरीत प्रचंड मातीचा भराव टाकला होता, आणि हाकेच्या अंतरावर पूर्वेकडून आलेल्या युनियन पॅसिफिकने त्याच दरीवर लाकडी पूल उभारला होता. दोन्ही कंपन्यांचे भराव एकमेकांना ओलांडून समांतर पुढे जात राहिले, कारण जितकी लांबी तितके रोखे. गाठ कुठे मारायची हे १८६९ च्या एप्रिलमध्ये संसदेला ठरवावं लागलं. आजही दोन्ही पट्टे गवतातून शेजारी शेजारी जाताना दिसतात. मी त्यांच्या मध्ये उभा राहिलो तेव्हा एकच मनात आलं, ही माती दोनदा वाहिली कशाला?

शिवाय क्रेडिट मोबिलिए हा घोटाळा. युनियन पॅसिफिकच्याच बड्या मंडळींनी बांधकाम कंपनी काढली, चढ्या भावाने स्वतःलाच काम दिलं आणि खासदारांना स्वस्तात शेअर वाटले. १८७२ ला ते उघडकीला आलं. याउलट जेम्स हिल यांची ग्रेट नॉर्दर्न रेल्वे १८९३ ला सिएटलपर्यंत पोचली, तीही केंद्राकडून जमीन न घेता.

माळरान

हिल यांचं उदाहरण नेहमी येतं. त्यांनी ज्या बुडीत कंपनीपासून सुरुवात केली तिला मिनेसोटात जमिनीचं अनुदान मिळालेलं होतं. आणि १८९३ पर्यंत तिकडे माल आणि माणसं होती, ती आधीच्या अनुदानित रेल्वेमुळेच.

आपल्याकडचीच तुलना घ्या, त्याच काळातली. मुंबईहून निघणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेला सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा झाला नाही तर फरक इथल्या रयतेच्या करातून लंडनच्या भागधारकांना जायचा. अमेरिकेत रोखे हे कर्ज होतं, शतक संपेपर्यंत ते व्याजासकट बहुतेक वसूल झालं. जमीन घेतलेल्या रेल्वेंनी सरकारी मालाला आणि सैन्याला भाड्यात सवलत द्यायची अटही होती, ती १९४६ पर्यंत चालली. भ्रष्टाचार झाला, नाकारत नाही. पण सौदा घाट्याचा नव्हता.

नदीकाठ

तुम्ही दोघं मैल आणि डॉलर मोजताय. 'ओसाड', 'निर्मनुष्य' हे शब्द वाचून मात्र माझ्या पोटात कालवलं. आमचं गाव धरणात गेलं तेव्हा कागदावर आमच्या गायरानालाही पडीक लिहिलं होतं. आजीची गुरं त्याच पडिकावर चरायची.

ती जमीन रिकामी नव्हती. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात ब्लॅक हिल्स हे डोंगर सू या आदिवासी लोकांचे राहतील असं सरकारने लिहून दिलं. १८७४ ला कस्टर या सेनाधिकाऱ्याच्या तुकडीला तिथे सोनं सापडलं, १८७७ ला संसदेने ते डोंगर काढून घेतले. १९८० साली अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने भरपाई द्यायला सांगितली. सू लोकांनी ते पैसे आजवर उचललेले नाहीत. त्यांना डोंगर हवेत.

आणि १८८७ चा डॉज कायदा. सामाईक जमीन कुटुंबावारी वाटायची आणि उरलेली बाहेरच्यांना खुली करायची. तेव्हा आदिवासींकडे १३.८ कोटी एकर होते, १९३४ ला ४.८ कोटी उरले. तुमचे २७ कोटी एकर आले कुठून, हे आधी लिहा.

पठार

मी नेब्रास्कात राहते. इथे बीट्रिस गावाजवळ होमस्टेडचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. तिथे १८६७ चं एक लाकडी घर जपून ठेवलंय, १४ बाय १६ फूट. आपल्याकडची एक खोली. त्यात एका जोडप्याने दहा मुलं वाढवली. मी दारात उभी राहून चूल कुठे, अंथरुणं कुठे, याचा अंदाज घेत होते. त्या बाईचे कष्ट कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत.

पण माळरान, १६० एकर हा आकडाच पश्चिमेला चुकीचा होता. नेब्रास्काच्या पूर्वेला पाऊस आहे, तिथे ते पुरले. शंभराव्या रेखांशाच्या पलीकडे पाऊस तुटतो. पश्चिमेची पाहणी केलेले भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात सांगितलं होतं की कोरड्या भागात चराईसाठी २,५६० एकर द्या आणि सीमा पाणी बघून आखा. संसदेने ऐकलं नाही. माणसं कर्ज काढून गेली आणि जमीन सोडून परतली. जिरायत शेती ज्यांनी केलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

रूळजोड

एक राहिलंच. सिएराचे बोगदे खोदणारे बहुतेक चिनी मजूर होते. १८६७ च्या जूनमध्ये त्यांनी गोऱ्यांइतकी मजुरी मागून संप केला, तर सेंट्रल पॅसिफिकचा बांधकामप्रमुख क्रॉकर याने रसद तोडली. आठवड्यात संप मोडला. १८८२ ला कायदा करून चिनी मजुरांना देशाची दारंच बंद केली. वसवणारं सरकार ते हेच.

माळरान

नदीकाठ, 'निर्मनुष्य' हा शब्द मी मागे घेतो. तो चुकलाच. पठार यांचा पॉवेलचा मुद्दाही मान्य.

पण माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही. सरकारने हे केलं नसतं तर जमीन सू लोकांकडे राहिली असती असं नाही. ती सट्टेबाजांनी हजारो एकरांनी घेतली असती आणि त्या १४ बाय १६ च्या घरातलं कुटुंब कुणाचं तरी कूळ झालं असतं.

नदीकाठ

कदाचित. पण एक तारीख बघा, ३ मार्च १८७१. त्या दिवशी संसदेने टेक्सास पॅसिफिकला जमीन दिली, रेल्वेला दिलेलं ते शेवटचं मोठं दान. त्याच दिवशी दुसऱ्या कायद्यात लिहिलं की यापुढे कोणत्याही आदिवासी जमातीला स्वतंत्र राष्ट्र मानून तह केला जाणार नाही.