मदत हवी आहे: माहेरच्या आणि सासरच्या नावांत विभागलेली सायटेशन एकत्र कशी आणायची?

नमस्कार,

कॅटॅलिसिस (उत्प्रेरण) आणि मटेरियल केमिस्ट्री हा माझा विषय. एका प्राध्यापकपदासाठी अर्ज करते आहे, मुदत येत्या सोमवारपर्यंत. अर्जात एकूण पेपर, एकूण सायटेशन (इतर पेपरांत आपल्या पेपरांचे आलेले संदर्भ), स्वतःची सायटेशन वगळून किती, आणि एच-इंडेक्स विचारला आहे. (एच-इंडेक्स ८ म्हणजे प्रत्येकी निदान ८ सायटेशन असलेले ८ पेपर.) तिथेच अडले आहे.

पहिल्या पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) काळात माझं लग्न झालं. तोवरच्या पेपरांवर मधलं अक्षर वडिलांचं आणि आडनाव पाटील. नंतर पासपोर्ट बदलला, तेव्हापासून मधलं अक्षर नवऱ्याचं आणि आडनाव देशपांडे. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं पहिलं नाव तेवढं उरतं, आणि पेपरवर त्याचंही बहुतेक वेळा आद्याक्षरच छापतात. त्यामुळे स्कोपसवर, म्हणजे पेपर आणि सायटेशनची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसवर, माझ्या दोन बायका झाल्या आहेत. पाटीलबाईंचे ११ पेपर, एच-इंडेक्स ८. देशपांडेबाईंचे १४ पेपर, एच-इंडेक्स ६.

८ आणि ६ मिळून १४ होत नाहीत, हे एच-इंडेक्स सुचवणाऱ्या हर्शची २००५ची व्याख्या वाचली की कळतं. म्हणून काल रात्री वही घेऊन बसले आणि दोन्हीकडचे आकडे उतरत्या क्रमाने लिहून काढले: ९६, ६१, ४४, ३८, ३३, २७, २५, १९, १७, १४, १२, १०... अकराव्या पेपरला १२, बाराव्याला १०. म्हणजे एच-इंडेक्स ११. हा आकडा खरा आहे, पण स्कोपसच्या कुठल्याच पानावर दिसत नाही. निवड समितीला पुरावा म्हणून काय दाखवू?

दुसरीकडे गूगल स्कॉलर मला एच-इंडेक्स १९ देतं. तिथे ज्वारीच्या वाणांवर काम करणाऱ्या, माझ्याच आद्याक्षरांच्या एका पाटलांचे पेपर आपोआप माझ्या प्रोफाइलमध्ये येऊन बसलेत. ते काढून टाकले आणि 'विचारल्याशिवाय जोडू नका' ही सेटिंग केली, तर १३ उरले. स्कोपसपेक्षा जास्त, कारण स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधली सायटेशनही मोजतं. एका मैत्रिणीने सुचवलं की १९च टाक, कोण तपासतंय. मी टाकणार नाही. ज्वारीच्या शेतात कुणीतरी पावसाळेच्या पावसाळे घालवले असतील, त्याचं श्रेय मी कसं घेऊ?

आणखी एक गोष्ट हे करताना लक्षात आली. 'स्वतःची सायटेशन वगळा' म्हटलं की स्कोपस त्याच प्रोफाइलची वगळतं. पण देशपांडेने पाटीलचा पेपर उद्धृत केला, तर ते परक्याचं सायटेशन ठरतं. अशी २३ सापडली. प्रोफाइल एक झालं की ती गळतील. गळू देत.

सगळ्यात जास्त लागलंय ते वेगळंच. माझा सगळ्यात आवडता पेपर दोन्हींपैकी एकाही प्रोफाइलमध्ये नाही. एसबीए-१५ या सच्छिद्र सिलिकावर सल्फॉनिक आम्ल गट बसवून ग्लिसरॉल आणि अ‍ॅसिटोनपासून सॉल्केटल हे इंधनात मिसळता येणारं रसायन करायचं, असं ते काम. बायोडिझेल बनवताना टनामागे सुमारे १०० किलो ग्लिसरॉल पडतं, त्याचा उपयोग शोधत होतो. कॅटॅलिस्टची पांढरीशुभ्र पूड पाचव्या वापरापर्यंत चहाच्या रंगाची झाली. दर वेळी गाळायची, अ‍ॅसिटोनने धुवायची, ओव्हनमध्ये सुकवायची. २०० मिलिग्रॅमने सुरुवात केली होती, शेवटी फिल्टर पेपरला चिकटलेलं खरवडूनही १४०च हाती लागलं. आम्ल गट सुटून द्रावणात जातायत का, हे बघायला अभिक्रिया अर्ध्यावर असताना गरमागरम गाळून नुसतं द्रावण पुढे चालवलं. उत्पादन वाढायचं थांबलं, तेव्हा रात्री लॅबमध्ये मी एकटीच हसले होते. काम घन कॅटॅलिस्टच करत होता, सुटलेले गट नव्हे!

तर विचारायचं असं:

स्कोपसकडे प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती आज सकाळी केली आहे. तुम्हाला किती दिवस लागले होते? तोवर अर्जात दोन्ही आयडी देऊन सोबत माझा हिशेबाचा तक्ता जोडला तर चालतो का? निवड समितीवर बसलेलं कुणी इथे असेल तर तुमचं मत फार मोलाचं आहे.

ऑर्किड नंबर (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) काढला आहे, त्यात दोन्ही नावं टाकली आहेत. जुन्या पेपरांवरचं नावही प्रकाशकांकडून बदलून मिळतं म्हणतात, पण मला ते बदलायचं नाही. त्या पेपरांवर वडिलांचं अक्षर आहे, ते तसंच राहू दे. नुसत्या जोडणीवर भागतं ना?

भर, रात्री ११.२०: तो पेपर सापडला! लग्नाच्या वर्षी मी दोन्ही आडनावं लावून पाठवला होता, त्यामुळे त्याचं तिसरंच प्रोफाइल झालंय. एकच पेपर, १२ सायटेशन. वहीत घातला तर बाराव्या जागी १२ येतात, म्हणजे एच-इंडेक्स १२. आता सकाळच्या विनंतीचं उत्तर येईपर्यंत थांबू की तिसऱ्या प्रोफाइलसाठी लगेच वेगळी विनंती करू? दोन विनंत्या एकमेकींत अडकतील अशी भीती वाटते. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.