मदत हवी आहे : सोलापूरजवळ दोन दिवस, पण नेहमीचं नको

मंडळी, जानेवारीत पुण्याहून मावसभाऊ आणि त्याची दोन कॉलेजातली पोरं येताहेत. सिद्धेश्वर मंदिर आणि भुईकोट किल्ला त्यांचा बघून झालाय. आता पोरांना ‘काहीतरी वेगळं’ हवंय, म्हणजे मॉल सोडून काहीही!

माझ्या डोक्यात पहिलं नान्नजचं माळढोक पक्षी अभयारण्य आहे. माळढोक दिसेल अशी आशा मी धरलेली नाही, पण काळवीटांचे कळप आणि नशीब असेल तर लांडगा किंवा खोकड दिसलं तरी चालेल. हिवाळ्यात तिथे भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षीही येतात. सूर्य कलला की ते गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून तरंगत जातात. मला तरी ते वाघापेक्षा भारी वाटतं. तर विचारायचं हे की, सध्या आत जायला परवानगी कुठून काढायची? गावातला कुणी माहीतगार वाटाड्या मिळतो का? स्वतःची गाडी कुठवर नेता येते?

दुसऱ्या दिवशी हत्तरसंग कुडल. भीमा-सीना संगम, शके ९४० चा मराठी शिलालेख आणि ३५९ मुखांचं शिवलिंग, एवढं एका ठिकाणी आहे तरी आपलीच माणसं तिकडे फिरकत नाहीत. तिथे जेवायची सोय आहे का, की कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधूनच न्यावी?

नळदुर्गचा किल्ला पावसाळ्यासाठी राखून ठेवलाय, नर-मादी धबधब्याशिवाय मजा नाही.

आणि हो, वाटेत घरगुती हुरड्याचं शेत माहीत असेल तर सांगा. डीजेवालं नको.