मदत हवी आहे : शाळेतल्या दमा-पाहणीत पीक फ्लोचे आकडे भरवशाचे कसे मिळवायचे?

आठवी-नववीच्या वर्गांत दम्याची पाहणी चालू आहे. ‘आयझॅक’ या मुलांमधल्या दमा-ॲलर्जीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाची प्रश्नावली 13-14 वर्षांची मुलं स्वतःच भरतात. गेल्या 12 महिन्यांत छातीत शिट्टीसारखा आवाज आला का, हा त्यातला कळीचा प्रश्न. घरात चूल, विडी-सिगारेट, भिंतींना ओल, आईवडिलांना दमा, हेही विचारतो.

अडचण पीक फ्लो मीटरची आहे, म्हणजे फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणाऱ्या नळीची. उभं राहून, छाती भरून श्वास घेऊन, नळीच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून तीनदा जोरात फुंकायचं. सर्वांत मोठा आकडा धरायचा. पण काही मुलं गाल फुगवून थुंकल्यासारखी फुंकतात, आकडा उगाच वर जातो. बोट काट्याच्या आड आलं की खाली येतो. 6 मिनिटं पळवल्यावर या आकड्यात किती घट होते ते मोजायचंय, त्यामुळे आधीचा आकडा पक्का हवाच. (धाप लागली तर श्वासनळ्या मोकळ्या करणारं सॅल्ब्युटॅमॉल आणि ते ओढायचा स्पेसर, म्हणजे पोकळ नळा, मैदानावरच ठेवतो.)

पन्नास मुलांच्या वर्गाला हे फुंकणं झटपट कसं शिकवता?