मदत हवी आहे: फोटोतली युद्धनौका कोणती?

संग्रहालयाच्या नोंदीसाठी दुसऱ्या महायुद्धातल्या एका नौसैनिकाचा अल्बम हाती आलाय. टोपीच्या पट्टीवर नुसतं 'एच.एम.आय.एस.' (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, म्हणजे ब्रिटिशकालीन भारतीय नौदलाचं जहाज), युद्धकाळात गुप्ततेपायी जहाजाचं नाव गाळत, तोच घोळ. एका फोटोत जहाजाच्या कडेला 'जे २४' दिसतं, शेवटचा आकडा दोरखंडाआड. 'जे' म्हणजे माइनस्वीपर (समुद्रातले सुरुंग हटवणारं जहाज), हे कळलं. त्यातल्या 'बेंगाल' या जहाजाचा क्रमांक जे २४३ होता, पण ११ नोव्हेंबर १९४२ ची जपानी जहाजांशी झुंज प्रसिद्ध म्हणून तिच्याच नावावर खपवायचं नाहीये.

१२०० डीपीआय स्कॅन आणि तिरप्या उजेडात पाहणी झाली. फोटो काळ्या पानांना घट्ट चिकटलेत. सोलायची परवानगी नाही, त्यामुळे मागचं लिखाण विसरा. तोफा, डोलकाठी, रंगाचे पट्टे: नेमकं काय पाहिलं तर एकाच वर्गातली (एकाच आराखड्यावर बांधलेली) जहाजं वेगळी ओळखता येतील?